शंभरातील किती? आपल्या शाळांची प्रगती मोजण्याचा एक पाठ

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या विहाराच्या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण होतात, शाल, पुस्तक आणि पेन दिले जाते, छायाचित्र निघते. हा कार्यक्रम आम्हीच सुरू केला आणि तो बंद करावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु एका वर्षी या कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आम्ही शेजारच्या गावी गेलो असता वाटेत सोयाबीनच्या रानात खुरपणाऱ्या बायांपैकी एकीने आम्हांला "जय भीम, सर" म्हटले. ओळख पटायला वेळ लागला. तीन वर्षांपूर्वी दहावीत पहिली आली म्हणून आम्हीच तिचा सत्कार केला होता. अकरावीत नाव घातले होते, पुढे जाणे जमले नाही, लग्न झाले, एवढेच तिने सांगितले. तिने तक्रार केली नाही. पण त्या दिवशी आमच्या ध्यानात आले की, शाल दिल्यानंतर तिचे काय झाले हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. तिच्याबरोबर पहिलीत बसलेल्या आणि दहावीपर्यंत न पोहोचलेल्या मुलामुलींची तर आम्हांला नावेही माहीत नव्हती.

प्रस्तुत लेख हा त्या चुकीतून निघालेला अभ्यास आहे. शाळेची प्रगती म्हणजे काय, ती कशाने मोजावी, आणि आपल्या किल्लारी परिसरातील मुले महाविद्यालयाच्या दारात पोहोचतात तेव्हा आत टिकण्याच्या तयारीने पोहोचतात की नाही, हे कसे ओळखावे, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

मोजण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी जो हिशेब मांडला, तो प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेतला पाहिजे. प्राथमिक शाळेत शिरलेल्या दर शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी १८ पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सरकारच्या निदर्शनास आणले. त्यांनी शाळा किती उघडल्या हे मोजले नाही, आत आलेल्यांपैकी शेवटी किती उरली हे मोजले. सरकारी खर्च वाया जातो आहे असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते, कारण चार वर्षे पूर्ण होण्याआधीच मूल गळाले तर त्याच्यावर झालेला खर्चही गळतो. त्याच भाषणात त्यांनी निरनिराळ्या वर्गांची तुलना केली. प्राथमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंची मुले हजारी ११९, तर मागासवर्गीयांची १८ होती. दुय्यम शिक्षणात हेच प्रमाण लाखामागे ३,००० आणि १४ असे होते. महाविद्यालयात मागासवर्गीयांच्या रकान्यात जवळजवळ शून्यच होते. वाचकांनी येथे थोडे थांबावे. इयत्ता जसजशी वाढते तसतशी दरी रुंदावते, ही गोष्ट त्या तीन ओळींत दिसते. एकच सरासरी काढली असती तर ती दिसली नसती.

आता आजच्या निकालाकडे वळू. वर्तमानपत्रात येतो तो निकाल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती. समजा, एका गावात पहिलीच्या वर्गात १०० मुले दाखल झाली. आठवीपर्यंत त्यांतील ८८ राहिली, नववी ओलांडून ७० जण दहावीच्या परीक्षेला बसले आणि ६६ उत्तीर्ण झाले. शाळेच्या फलकावर निकाल ९४ टक्के लागेल, गावात पेढे वाटले जातील. आपल्या वहीत मात्र ६६ हाच आकडा लिहावा लागेल. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिल्यात ३० मुलांचा उल्लेखच नाही. शिक्षणशास्त्रात मध्येच शाळा सोडण्याला गळती आणि एकाच वर्गात अडकून राहण्याला स्थगिती म्हणतात. फलकावरच्या टक्केवारीत दोन्ही लपतात.

त्या कशा लपतात याचे एक उदाहरण देणे भाग आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरले. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. मूल घाबरून शाळा सोडू नये हा मूळ हेतू चांगलाच होता. परंतु वाचता न येणारे मूलही वर सरकत नववीत येऊन पोहोचू लागले आणि नववी ही भिंत झाली. नववीत कच्च्या ठरलेल्या मुलाच्या पालकांना "याचा १७ नंबरचा फॉर्म भरा" असा सल्ला मिळतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. खाजगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा देण्याची ही सोय ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना तिचा उपयोगही होतो. पण जो मुलगा अजून बाकावर बसलेला आहे त्यालाच तिकडे लोटले की तो शाळेच्या निकालातून वजा होतो. नापास होणारा एकही विद्यार्थी उरला नाही, तर निकाल शंभर टक्के लागण्यास अडचण ती कोणती?

निकालाची टक्केवारी आणि प्रत्यक्ष शिकणे यांतील अंतर २०२१ साली सर्वांना दिसले. कोरोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लावावा लागला आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्याच मुलांचे जवळजवळ सबंध वर्ष शाळेवाचून गेले होते. यात मुलांचा दोष नाही. पण त्या वर्षीच्या टक्केवारीला प्रगती म्हणावयाचे असेल, तर प्रगती या शब्दाला काही अर्थ उरणार नाही.

मग शिकणे मोजावे कशाने? २००५ पासून 'असर' नावाची पाहणी देशभर होते, तिची पद्धत आपल्या कामाची आहे. पाहणी करणारे शाळेत न जाता घरोघर जातात, त्यामुळे शाळेत नाव नसलेले मूलही मोजले जाते. मुलापुढे दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा ठेवतात, एक वजाबाकी आणि एक भागाकार देतात. एवढेच. देशातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी असा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. म्हणजे टाळेबंदीत गमावलेले भरून निघाले आणि थोडे वरही गेले, पण चारांतील तीन मुले अजून मागेच आहेत. हा उतारा वाचून घ्यायला पदवी लागत नाही. आपल्या वस्तीतील बारावीची कोणतीही मुलगी पाच मिनिटांत एका मुलाची पातळी पाहू शकते.

आता किल्लारीकडे येऊ. औसा तालुक्यातील, लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचे हे गाव ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सबंध जगाला माहीत झाले. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, गाव झोपेत होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली आणि ५२ गावे पार जमीनदोस्त झाली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, गावे नव्या जागी वसली, घरे आणि शाळेच्या इमारती उभ्या राहिल्या.

इमारती किती झाल्या याची मोजदाद झाली. मुलांचे काय झाले? भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्या मुलांबद्दल निश्चित काही सांगता येते, कारण त्यांची एक यादी होती आणि यादीतील प्रत्येकाची जबाबदारी कोणावर तरी होती. जी मुले मागे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मामाच्या गावी गेली, आईबापांच्या मागे धाकट्या भावंडांना सांभाळू लागली, त्यांना अशी यादी लाभली नाही. गाव बदलले की एका शाळेत नाव कमी होते आणि दुसऱ्या शाळेत ते दाखल होते किंवा होत नाही. दोन हजेरीपटांच्या मधल्या जागेत मूल हरवते. जून १९९३ मध्ये जी मुले पहिलीत होती, ती सरळ शिकली असती तर मार्च २००३ मध्ये दहावीला आणि २००५ मध्ये बारावीला बसली असती. आज ती चाळिशीला आली आहेत आणि त्यांची मुले आपल्या शाळांत आहेत. शासनाने भूकंपग्रस्तांसाठी नोकरीत २ टक्के समांतर आरक्षण ठेवले, परंतु त्या जागेसाठी अर्ज करायचा तर किमान दहावी-बारावी हवी. ज्याची शाळा त्या पहाटे सुटली त्याच्या हातात भूकंपग्रस्ताचे प्रमाणपत्र राहिले, त्याचा उपयोग करून घेणारे शिक्षण राहिले नाही.

हाच धडा आपल्या वस्तीला रोजच्या जीवनात लागू पडतो. भूकंप एकदाच झाला, पण दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे कुटुंब दरवर्षी जाते आणि परतते तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते.

लातूरचे नाव शिक्षणात मोठे आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांच्या यशातून रूढ झाला. जादा तास, पुन्हा पुन्हा सराव चाचण्या, तपासलेल्या उत्तरपत्रिकांवर विद्यार्थ्याशी बसून चर्चा, असे त्याचे साधे पण कष्टाचे स्वरूप होते. या पद्धतीबद्दल आम्हांला आदर आहे. थोडा विचार केला तर दिसेल की तीसुद्धा मोजण्याचीच पद्धत आहे: मुलाचे कोठे चुकते हे परीक्षेआधी शोधायचे. परंतु हा पॅटर्न अकरावीच्या दारात सुरू होतो. जो तेथवर पोहोचला, ज्याला लातुरात खोली, खानावळ आणि आता खाजगी क्लासचे शुल्क परवडले, त्याच्यासाठी तो आहे. २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्याची टक्केवारी ९१.८८ होती, कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांसह पहिला आणि लातूर, नांदेड, धाराशिव या तीन जिल्ह्यांचा आपला लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांसह शेवटचा होता. ज्या शहराचा पॅटर्न साऱ्या महाराष्ट्राने उचलला, त्याच शहराच्या नावाचा विभाग तळाला! एका निकालावरून निष्कर्ष काढू नये हे आम्हांला कळते. एवढे मात्र म्हणता येईल की शिखर किती उंच आहे यावरून पायथ्याची माणसे कोठे उभी आहेत हे कळत नाही.

महाविद्यालयाची तयारी म्हणजे काय, यावर आमच्या अभ्यासवर्गात बराच वाद झाला. गुणपत्रिका म्हणजे तयारी, असे काहींचे मत. आमचे मत वेगळे आहे. मराठी माध्यमात दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेला मुलगा अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतो आणि पहिल्याच तासाला सगळी भाषा बदलते. घनतेची डेन्सिटी होते, त्वरणाचे ॲक्सिलरेशन, प्रकाशसंश्लेषणाचे फोटोसिन्थेसिस. त्याला विषय येत असतो, विषयाचे नाव येत नसते. शेजारचा मुलगा सेमी इंग्रजीतून आलेला, तो हात वर करतो. आपला मुलगा समजतो की आपल्यालाच डोके नाही. दिवाळीपर्यंत तो कला शाखेत जातो किंवा गावी परततो. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत केवळ हे शब्द, रोज थोडे, दोन्ही भाषांत वहीत उतरवून घेतले तरी त्याची निम्मी भीती जाईल. हा खर्चाचा विषय नाही. आपल्याच वस्तीतील विज्ञानाची पदवी घेतलेल्यांनी सुट्टीतील काही रविवार दिले तर होण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट गणिताची. गुणपत्रिकेवर उत्तीर्ण लिहिले म्हणून समाधान मानू नये. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बाजूला ठेवून लेखी ८० पैकी किती पडले ते विचारावे. नीट असो वा सीईटी, तेथे अंतर्गत गुण सोबत येत नाहीत. वैद्यकीय प्रवेश तर २०१७ पासून नीटवरच आहेत.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि येथेच आपली बरीच हुशार मुले अडतात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. हक्क मिळण्यास एवढी वर्षे लागली, आणि आज तो हक्क जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँकखाते यांपैकी एक नसल्याने बुडतो. पहिलीत नाव घालताना जन्मतारीख किंवा आडनाव चुकले, ते दाखल-खारिज रजिस्टरात तसेच राहिले आणि बारा वर्षांनी जात पडताळणीच्या वेळी डोके वर काढले, अशी प्रकरणे आमच्याकडे येतात. अशी दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घेणे सोपे, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर अवघड. म्हणून आठवीतील प्रत्येक मुलाची कागदपत्रे तपासणे हा आम्ही महाविद्यालयीन तयारीचाच भाग समजतो.

मराठवाडा येथे मागे का, हे तरुणांनी इतिहासातूनही समजून घ्यावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरचे शिक्षण उर्दूत, महाविद्यालयासाठी हैदराबाद गाठावे लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ सालचे. आपल्या आजोबांच्या पिढीला महाविद्यालय लांब होते, आता ते एस.टी.च्या अंतरावर आले आहे. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पासही आहे. तरी रानात आम्हांला भेटलेली ती मुलगी अकरावीतच थांबली. अंतर हे एकच कारण नव्हते.

शाळेची माहिती शासन गोळा करीत नाही असे नाही. यू-डायसमध्ये प्रत्येक शाळेचा ११ अंकी क्रमांक आहे, २०१५ पासून राज्याची सरल प्रणाली होती, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे २०१७ आणि २०२१ मध्ये झाली, डिसेंबर २०२४ मध्ये 'परख' सर्वेक्षण झाले. परंतु शिक्षक रात्री जागून भरतात ती माहिती वर जाते आणि गावात क्वचितच परत येते. सर्वेक्षण जिल्ह्याची पातळी सांगते, आपल्या गल्लीतील कोणते मूल गळाले ते सांगत नाही. त्यासाठी कायद्याने दिलेले साधन म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्याच पाहिजेत. आपल्या किती माताभगिनी तिच्या सभासद आहेत आणि त्यांतील किती जणींनी सहीखेरीज काही केले आहे, हे एकदा विचारून पाहावे. समितीत शिक्षकांवर दोषारोप करण्यासाठी जाऊ नये. दोन वर्ग एकट्याने सांभाळणारा शिक्षक पुष्कळदा आपल्याइतकाच हतबल असतो.

आता प्रत्यक्ष कृती. संस्थेने एक जाड वही घेतली आहे. ज्या वर्षी मूल पहिलीत जाते त्या वर्षाचे एक पान, त्यावर मुलाचे नाव, आईचे नाव, शाळा आणि पुढे पंधरा वर्षांचे रकाने. केवळ बौद्ध वस्तीची मुले घ्यावीत की सर्व गावाची, यावर सभासदांत दोन मते पडली. आमचे मत सर्व मुलांची नावे घ्यावीत असे आहे. मातंग वस्तीतील, पालावरील, शेतमजूर मराठा आणि मुस्लिम घरातील मूल गळते त्याची कारणे आपल्याहून फार निराळी नाहीत, आणि तुलना केल्याशिवाय आपली दरी किती हे कळायचे नाही. बाबासाहेबांनीही सर्व वर्गांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले होते.

प्रवेश आटोपल्यावर वर्षावासाच्या काळात, विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात तेव्हा, नावे भरून घ्यावीत. पडताळणी ३० सप्टेंबरला करावी. शाळांचा पट आणि यू-डायसची माहिती याच तारखेची धरण्याची पद्धत आहे, आणि किल्लारीला ही तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. वही सभेत मोठ्याने वाचू नये. कोणाचे मूल नापास झाले, कोणाच्या मुलीचे लग्न लवकर झाले, ही चव्हाट्यावर आणण्याची गोष्ट नाही. मुलगी नववीत असतानाच घरी स्थळे येऊ लागली, तर वहीवाल्या दोन महिला सभासदांनी तिच्या आईकडे जाऊन बसावे, पुरुषांनी जाऊ नये.

रकाना भरताना तीनच नोंदी कराव्यात: शिकत आहे, थांबले, किंवा माहीत नाही. पहिल्या वर्षी 'माहीत नाही' असे लिहावे लागेल अशी नावे पुष्कळ निघतील, त्याची लाज बाळगू नये. मात्र रकाना कोरा ठेवू नये. ज्या नावापुढे 'माहीत नाही' आहे, त्या घरी पुढील पौर्णिमेच्या आत कोण जाणार, त्याचे नाव समासात पेन्सिलीने लिहावे.